कॅमेरा झाडाला बांधण्याआधी
सिमकार्डवाल्या ट्रेल कॅमेऱ्याविषयी, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढून मोबाइलवर पाठवणाऱ्या कॅमेऱ्याविषयी, आमच्या ग्राहकांसाठी

कॅमेरा घ्यायला येणारे बहुतेकजण आधी विचारतात, फोटो किती मेगापिक्सेलचा येतो? हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालेल. सिमकार्डवाल्या कॅमेऱ्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे ते जंगलातल्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून. साध्या कॅमेऱ्याचं कार्ड काढायला दर आठवड्याला गेलात की पाचोळा तुडवला जातो, माणसाचा वास मागे राहतो, आणि बुजरी जनावरं ती वाट टाळू लागतात. इथे फोटो मोबाइलवर येतो, तुम्ही घरीच असता. मात्र पहिल्या फेरीत काही राहून गेलं, तर तेवढ्यासाठी पुन्हा जावं लागतं आणि सगळा हिशेब फिसकटतो. म्हणून हे पत्रक.

कॅमेरा जागा कसा होतो

कॅमेरा एरवी झोपलेला असतो. त्याच्या पुढच्या बाजूला जी पांढरट, फुगीर खिडकी दिसते तिच्यामागे पीआयआर सेन्सर असतो. आजूबाजूच्या झाडीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही समोरून सरकलं, की तो कॅमेऱ्याला उठवतो. पुष्कळ तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत सापडतं.

जनावर सेन्सरसमोरून आडवं गेलं तर लगेच टिपलं जातं. सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आलं तर उशिरा. पण कॅमेरा वाटेला अगदी काटकोनात बांधला, तर झपझप जाणाऱ्या जनावराचं नुसतं शेपूट हाती लागतं. वाटेशी साधारण 45 अंशांचा तिरका कोन यातला मधला मार्ग. उन्हाळ्यात भर दुपारी जमीन आणि खडकच जनावराच्या अंगाइतके तापलेले असतात, तेव्हा सेन्सरला फरक कळत नाही आणि फोटो कमी येतात. तो बिघाड नव्हे. याउलट उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने डोललं की सेन्सर फसतो आणि रिकाम्या फोटोंची रांग लागते. आम्हाला वाटतं, कॅमेऱ्यासोबत सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे विळा! अर्थात समोरच्या चार काड्या काढण्यापुरताच. रान साफ करायला नव्हे.

उंची गुडघा ते कंबर यांच्यामध्ये ठेवा. ससा किंवा साळिंदर टिपायचं असेल तर आणखी खाली. खोड जाडजूड निवडा, बारीक झाड वाऱ्याने हलतं. उगवतीला किंवा मावळतीला तोंड असेल तर सकाळ-संध्याकाळचे फोटो पांढरेफटक येतील. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेलं सगळ्यात बरं.

रेंज

हातातल्या मोबाइलला रेंज आहे म्हणून कॅमेऱ्यालाही असेल, असं समजू नका. मोबाइलमधलं सिम कदाचित दुसऱ्याच कंपनीचं असतं, आणि तुम्ही उघड्यावर उभे असता, तर कॅमेरा ओल्या पानांच्या गर्दीत असतो. नेमक्या त्याच खोडावर, त्याच उंचीवर कॅमेरा धरून चाचणी फोटो पाठवा. तो मोबाइलवर येईपर्यंत पट्टा आवळू नका. घळीत रेंज नसेल तर थोडं चढावर सरकून बघा. कधी दहा-वीस पावलांत काम होतं. ते जमलं नाही तर लांब वायरचा अँटेना वर बांधता येतो.

घेताना एवढं तपासा की कॅमेरा 4जी आहे आणि तुमच्या सिमकंपनीचे बँड, म्हणजे तिचं नेटवर्क ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्या, त्यात आहेत. अनेक देशांत 3जी सेवा बंद झाली आहे. जुना कॅमेरा स्वस्तात मिळाला तरी तो पाठवणार कुठून?

मोबाइलवर येतो तो फोटो डेटा वाचवण्यासाठी लहान केलेला असतो. मूळ फोटो मेमरी कार्डावरच राहतो, म्हणून कार्ड टाकायला विसरू नका. ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तारीख-वेळही तेव्हाच लावा.

बॅटरी

फोटो काढायला फार वीज लागत नाही, पाठवायला लागते. रेंज कमजोर असली की कॅमेरा नेटवर्क शोधत बसतो आणि सेल भराभर उतरतात. प्रत्येक फोटो लगेच पाठवण्याऐवजी दिवसातून एकदा किंवा दोनदा गठ्ठ्याने पाठवायची सोय असेल तर तीच वापरा. पिकात रानडुकरं शिरताना लगेच कळायला हवं असेल तर गोष्ट वेगळी. व्हिडिओ शक्यतो बंद ठेवा. थंडीत साध्या अल्कलाइन सेलपेक्षा लिथियम सेल पुष्कळ टिकतात. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. सौर पॅनल चांगलं, पण दाट सावलीत ते शोभेपुरतंच.

रात्र

रात्रीचे फोटो इन्फ्रारेड प्रकाशात निघतात, म्हणून काळे-पांढरे. 850 नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे लांबवर पोचतात, पण त्यांचा मंद लालसर ठिपका दिसतो. 940 नॅनोमीटरचा प्रकाश माणसाला दिसत नाही, मात्र पल्ला कमी. चोरीची भीती असेल तिथे आम्ही दुसरा सुचवतो, सोबत कुलूप आणि लोखंडी पेटीही.

फोटो आल्यावर

एका रात्रीत हरणाचे 40 फोटो आले म्हणजे 40 हरणं नव्हेत. एकच हरीण तासभर समोर चरत असेल. नोंद ठेवताना एकाच जातीच्या दोन फोटोंमध्ये अर्ध्या तासाहून कमी अंतर असेल तर ती एकच भेट धरण्याची पद्धत रूढ आहे. बिबट्याचे ठिपके किंवा वाघाचे पट्टे यांवरून ते जनावर ओळखता येतं, पण दोन्ही कुशींवरची नक्षी वेगळी असते. त्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लागतात, आणि तेही थोडे मागेपुढे, नाहीतर एकाचा उजेड दुसऱ्याच्या डोळ्यात जातो.

दुर्मिळ प्राण्याचा फोटो कितीही सुंदर आला तरी ठिकाणासह कुठे टाकू नका. शिकारीही फोटो बघतात.

कॅमेरा लावण्याआधी जमीनमालकाची, आणि वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. वाटेने जाणारी माणसंही टिपली जातात. त्यांचे फोटो पुसून टाका, पुढे पाठवू नका.

तक्रार कळवताना कॅमेऱ्याने पाठवलेले शेवटचे दोन फोटो, बॅटरीचा आणि रेंजचा आकडा, आणि कॅमेरा बांधलेल्या झाडाचा मोबाइलवर काढलेला एक फोटो पाठवा. पुष्कळदा एवढ्यावरून काय चुकलं ते आम्हाला इथूनच सांगता येतं, आणि तुमची एक फेरी वाचते.