हलक्या विमानांचे उड्डाण : प्रशिक्षण व सुरक्षितता (बेळगाव सीमाभाग)

एक किंवा दोन पिस्टन इंजिनांवर चालणाऱ्या, दोन ते सहा आसनांच्या आणि आखूड धावपट्टीवरूनही उडू शकणाऱ्या विमानास सामान्यतः हलके विमान म्हणतात. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार ५,७०० किलोग्रॅमपर्यंतची विमाने लहान गणली जात असली, तरी ज्यांवर माणूस उडायला शिकतो ती विमाने याहून पुष्कळच हलकी असतात. १९५५ मध्ये प्रथम उडालेले आणि आजही जगभर शिकण्यासाठी वापरले जाणारे सेसना १७२ हे चार आसनी विमान भरलेल्या स्थितीत अकराशे किलोग्रॅमच्या आसपास असते, तर दोन आसनी मायक्रोलाइटची (अतिहलक्या विमानाची) वजनमर्यादा भारतात ४५० किलोग्रॅम इतकी ठरलेली आहे. केवळ हौसेखातर विमान उडवणारे लोक आपल्याकडे थोडे आहेत, कारण हा छंद खर्चिक आहे आणि छोटे विमानतळही मोजकेच आहेत. मात्र पुढे व्यावसायिक वैमानिक होणारा आणि हौशी, या दोघांचे पहिले चाळीस तास सारखेच असतात व त्यांतील धोकेही सारखेच असतात, म्हणून या नोंदीत दोहोंचा विचार एकत्र केला आहे.

बेळगाव जिल्ह्यात (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) या शिक्षणाचे केंद्र शहराच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरवरील सांबरा येथे आहे. तेथील विमानतळ ब्रिटिश हवाई दलाने १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बांधला आणि प्रशिक्षणासाठी वापरला. भारतीय वायुसेनेची सैनिकांना शिक्षण देणारी शाळाही येथेच आहे. २०१७ मध्ये लांबवलेली धावपट्टी आणि नवे टर्मिनल वापरात आले. २०२१ मध्ये भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाने नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील पाच विमानतळ निवडले. त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी यांच्यासोबत बेळगावही होते. तेव्हापासून सांबरा, मुतगे, निलजी, बाळेकुंद्री या गावांना डोक्यावरून सतत घुटमळणाऱ्या छोट्या विमानांचा आवाज सवयीचा झाला आहे. भारतात वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. त्यानंतर जवळपास शतकभराने खानापूर-निपाणीकडच्या मुलांना घराजवळ हे शिक्षण मिळण्याची सोय झाली.

परवान्याच्या अटी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवते. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी व खासगी वैमानिकाचा सतराव्या वर्षी मिळू शकतो. दोन्हींसाठी दहावी उत्तीर्ण असणे आणि द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी पार पडणे आवश्यक असते. खासगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी २० तास विद्यार्थ्याने एकट्याने उडवलेले असावे लागतात, आणि त्या एकट्याच्या उड्डाणांत पाच तासांचा दूरप्रवास असावा लागतो. या दूरप्रवासात १५० नॉटिकल मैलांपेक्षा (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) कमी नसलेली एक फेरी आणि तीत दोन निरनिराळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरणे अपेक्षित असते. नकाशावर मोजल्यास सांबऱ्याहून कोल्हापूर, तेथून हुबळी आणि परत सांबरा हा त्रिकोण सुमारे १८० नॉटिकल मैलांचा भरतो, म्हणजे ही अट या भागातल्या भागातच पुरी होऊ शकते. वाटेत ओळखीच्या खुणांचीही वाण नाही. हिडकलचा जलाशय, घटप्रभेचे पात्र, पुणे–बेंगळुरू महामार्ग, राजहंसगडाची टेकडी या खुणा ज्याने लहानपणापासून जमिनीवरून पाहिल्या आहेत, त्याला त्या तीन हजार फुटांवरून पाहताना प्रथम ओळखू येत नाहीत, हा अनुभव मात्र बहुतेकांना येतो. खासगी परवानाधारकाला उड्डाणासाठी मोबदला घेता येत नाही. व्यावसायिक परवान्यास अठरा वर्षे वय, भौतिकशास्त्र व गणितासह बारावी आणि २०० तास लागतात.

शिक्षणाच्या सुरुवातीचा बराच काळ विमान सरळ ठेवणे, वळवणे, चढवणे व उतरवणे यांत जातो आणि त्यानंतर येतो तो स्टॉल. हा शब्द मोटारीवरून आलेल्यांना फसवतो, कारण येथे बंद पडते ते इंजिन नसून पंखाची उचल असते. वाऱ्याशी पंखाचा कोन साधारण पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकाएकी घटते. हे कोणत्याही वेगाला व नाकाच्या कोणत्याही स्थितीत घडू शकते. वळणात तर धोका आणखी वाढतो. विमान ६० अंशांनी कलंडवून उंची कायम राखायची झाल्यास पंखांवर दुप्पट भार येतो आणि ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेग ४१ टक्क्यांनी वर सरकतो. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात धावपट्टीची रेषा चुकली म्हणून विद्यार्थी रडर (शेपटीवरचे, नाक डावी-उजवीकडे वळवणारे सुकाणू) दाबून नाक ओढू लागतो, वेग आधीच कमी असतो, आणि तेवढ्या उंचीवर विमान गरगरू लागले तर सावरायला जागा उरत नाही. यावर शिकवला जाणारा उपाय साधा आहे : रेषा चुकली तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पुढे करून पुन्हा वर जावे व फेरी नव्याने घ्यावी. प्रशिक्षकाच्या लेखी पुन्हा वर जाणे हे अपयश नसते. विद्यार्थ्याच्या मनातून ते अपयश असल्याची समजूत काढायला मात्र वेळ लागतो.

सांबऱ्याची स्वतःची अशी एक अडचण त्याच्या उंचीत आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,४८७ फूट उंच आहे आणि या उंचीवर प्रमाण तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास धरतात. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३६ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की इंजिन व पंख जणू ५,६०० फुटांवर असल्यासारखे वागतात. साध्या पिस्टन इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते, प्रोपेलरची ओढही कमी होते आणि जमिनीवरची धाव लांबते. २,३०० मीटरची धावपट्टी छोट्या विमानाला पुरून उरते, त्यामुळे धोका धावपट्टीवर नसून ती मागे पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत असतो, कारण दोन धट्टीकट्टी माणसे आणि भरलेल्या टाक्या घेऊन विमान तेव्हा फार सावकाश चढते. याच कारणाने उन्हाळ्यात शिकवणीची उड्डाणे शक्यतो सकाळी उरकतात. दुपारी तापलेल्या काळ्या रानावरून उठणारे हवेचे लोट विमानाला गदागदा हलवतात आणि तिसऱ्या प्रहरी वळवाचे ढग जमू लागतात. अशा ढगाखालून सुटणारा थंड वारा पावसाच्या कितीतरी पुढे धावतो, म्हणून पाऊस अजून लांब आहे एवढ्यावरून उतरणे सुरक्षित मानता येत नाही.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम असल्याने नैर्ऋत्य मोसमी वारा बहुधा समोरून मिळतो, ही जमेची बाजू. परंतु पश्चिमेकडे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या घाटमाथ्यावर ढग जमिनीला टेकलेले असतात, आणि बेळगाववर दिसणारी ढगांची उंची पाहून तिकडे निघालेल्याची गाठ डोंगर व ढग यांच्या मधल्या मिटत जाणाऱ्या फटीशी पडू शकते. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्याने किमान ५ किलोमीटर दृश्यमानता राखावी आणि ढगांपासून आडवे १,५०० मीटर व उभे ३०० मीटर अंतर ठेवावे, असा नियम आहे. ढगात शिरल्यावर कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा फसते व विमान कलंडलेले असूनही सरळ असल्याचा भास होतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना कृत्रिमरीत्या अशा स्थितीत ठेवले, तेव्हा सर्वांचा ताबा सुटला आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागली. या आकड्यामुळेच उलट वळून परतणे हे शिकवणीत लवकर शिकवले जाते.

कार्ब्युरेटरमधील (इंजिनात जाणारे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागातील) बर्फ हा बेळगावच्या हवेचा आणखी एक नमुना. वीस-बावीस अंश तापमान आणि भिजट हवा असताना बर्फ कसा होईल, असे नवख्याला वाटते. पण कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात दाब घटल्याने व पेट्रोलची वाफ होताना तापमान झपाट्याने उतरते, हवेतील बाष्प तेथे गोठते आणि इंजिन घुसमटू लागते. थ्रॉटल मागे घेऊन खाली येताना ही शक्यता सर्वाधिक असते. म्हणून त्याआधी गरम हवेचा दांडा ओढण्याची सवय लावतात. इंधन थेट फवारणाऱ्या नव्या इंजिनांत ही कटकट नाही.

इंधनाबाबत आणखी थोडे. पारंपरिक पिस्टन इंजिनांना निळसर रंगाचे विमान-पेट्रोल लागते. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले असे पेट्रोल बाजारात आणले, तोवर ते आयात होत असे. रोटॅक्स जातीची हलकी इंजिने मोटारीच्या पेट्रोलवरही चालतात, मात्र त्यात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालते. उसाच्या या पट्ट्यात, जेथे साखर कारखान्यांची इथेनॉलवर मोठी भिस्त आहे, तेथेच पंपावरचे २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विमानात टाकता येत नाही, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. इथेनॉल पाणी शोषते व रबरी भाग खराब करते. टाकीच्या तळातून दररोज पहिल्या उड्डाणाआधी थोडे इंधन काढून त्यात पाणी आहे का ते पाहिले जाते. लेखी तपासयादी वाचूनच प्रत्येक कृती करण्याचा रिवाज ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे एक नवे बॉम्बर विमान, सुकाणूंचे कुलूप काढायचे राहून गेल्याने, कोसळले त्यानंतर रूढ झाला. ते अनुभवी वैमानिकांच्या हातून पडले होते. वैमानिकाने उड्डाणापूर्वी १२ तास मद्य घेऊ नये, हा भारतीय नियम आहे.

नियंत्रण कक्षाशी बोलणे इंग्रजीत होते आणि त्या भाषेत आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरील चौथी पातळी गाठावी लागते. मराठी माध्यमात शिकून घरी मराठी, बाजारात कन्नड आणि मित्रांत हिंदी बोलणाऱ्या सीमाभागातील मुलाला याची धास्ती वाटते. वस्तुतः रेडिओवरची भाषा ठरावीक शब्दांची असते व ती महिन्याभरात तोंडात बसते. खरी जोखीम आहे ती न कळलेले वाक्य पुन्हा विचारण्याच्या संकोचात. ‘से अगेन’ म्हणायला न लाजणारा विद्यार्थी अस्खलित बोलणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित, असे म्हणायला हरकत नाही.

इंजिन हवेत बंद पडल्यास विमान दगडासारखे खाली येत नाही, ते तरंगत उतरते. सेसना १७२ हजार फूट उंचीवरून वारा नसताना सुमारे पावणेतीन किलोमीटर जाऊ शकते. एवढ्या पल्ल्यात योग्य रान निवडणे हा सरावाचा विषय आहे, आणि त्यासाठी या जिल्ह्याची माती व पिके माहीत असणे उपयोगी पडते. खानापूर व बेळगावच्या पश्चिमेची भातशेती लहान वाफ्यांची, बांधांची आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेली असते. तेथे चाके रुतून विमान नाकावर उलटण्याचा संभव असतो. पूर्वेकडचे काळे रान उन्हाळ्यात कठीण व भेगाळ असले, तरी एका पावसाने चिकट होते. वाढलेला ऊस वरून हिरव्या गालिच्यासारखा सपाट दिसतो, पण तो पुरुषभर उंच असतो व त्याखालच्या सऱ्या दिसत नाहीत. त्यापेक्षा काढणी झालेले ज्वारीचे किंवा सोयाबीनचे लांब रान, सरींच्या दिशेने धरले तर, बरे. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांबांची रांग शोधायला शिकवतात. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेल्यास धावपट्टीकडे माघारी वळण्याचा मोह आवरून साधारण समोरच उतरावे, ही शिकवण प्रत्येक उड्डाणाआधी मोठ्याने म्हणून घेतली जाते.

पक्ष्यांचा उपद्रव घारींचा विशेष असतो. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिघात उघड्यावर जनावरे कापणे व कचरा टाकणे यास विमान नियम, १९३७ मध्ये मनाई केलेली आहे. तिचे पालन आसपासच्या ग्रामपंचायतींच्या कचऱ्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

३० मे २०२३ रोजी सांबऱ्याहून उडालेले एक प्रशिक्षण विमान तांत्रिक बिघाडामुळे होन्निहाळच्या शिवारात उतरवावे लागले आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमी झाले. अशा घटनांची चौकशी करण्यासाठी २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण विभाग हे स्वतंत्र कार्यालय आहे. चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हा असतो, दोष ठरवणे हा नव्हे, असे आंतरराष्ट्रीय करारातच म्हटले आहे. विमान शेतात उतरले की पंचक्रोशी तेथे लोटते. त्या गर्दीने आधी माणसांना बाहेर काढावे, पण आसपास विडी-काडी पेटवू नये, कारण टाक्या पंखांत असतात व पेट्रोल गळत असू शकते. प्रोपेलर थांबलेला असला तरी त्यास हात लावू नये, कारण तो एखाद्या वेळी फिरू शकतो. जीव वाचवण्यासाठी आवश्यक तेवढे सोडून अवशेष जागचे हलवू नयेत, कारण जमिनीवर उमटलेल्या चाकांच्या खुणांपासून दांड्यांच्या स्थितीपर्यंत सारे अन्वेषकांना तसेच हवे असते.