काळा पडलेला प्लग आणि पीयूसीचे दोन आकडे

पावसाळा सरला आणि आमची १९९८ सालची गाडी पीयूसीला नापास झाली. कार्बुरेटरवाली (म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र असलेली), तीन सिलिंडरची, वडिलांनी हौसेने घेतलेली. केंद्रावरच्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी सारली, आकडे भराभर चढले आणि स्थिरावले: कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ ५.२ टक्के, हायड्रोकार्बन ६४० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ६४०. "काका, सीओ लई जास्त आहे. देऊ का जमवून?" त्याने हळूच विचारलं. मी नको म्हटलं आणि कागदावर आकडे तेवढे लिहून घेतले, कारण इंजिनाच्या आत काय बिघडलंय ते त्या दोन आकड्यांतच असतं.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. तेवढी मिळाली, की पेट्रोलमधला प्रत्येक कार्बन अणू ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली, की काही कार्बनला एकाच ऑक्सिजनवर भागवावं लागतं. तोच कार्बन मोनॉक्साइड. गॅरेजात याला "गाडी रिच चालतेय" म्हणतात. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. सिग्नलला आपल्या मागे थांबलेला रिक्षावाला आणि चौकात दिवसभर उभा असलेला हवालदार तोच श्वासात घेत असतात. मला पीयूसी महत्त्वाची वाटते ती यासाठी, दंडासाठी नाही.

हायड्रोकार्बनची गोष्ट वेगळी. ते मुळात जळलेलंच नसलेलं पेट्रोल. एखाद्या प्लगची ठिणगी चुकली, व्हॉल्व्ह नीट बसत नसला, तर सिलिंडरमध्ये गेलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. म्हणून सीओ जास्त असेल तर हवा-पेट्रोलच्या प्रमाणाकडे बघायचं, आणि सीओ ठीक असून हायड्रोकार्बन चढला असेल तर आधी प्लग, वायरी, ठिणगी.

हे मोजायचं तंत्र मला फार सुंदर वाटतं. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू अवरक्त प्रकाशातली ४.६ मायक्रॉनच्या आसपासची तरंगलांबी शोषतो. यंत्र धुरातून असा प्रकाश सोडतं आणि पलीकडे किती पोचला ते बघतं. वाटेत जितका प्रकाश हरवला, तितका सीओ. सायलेन्सरला भोक असेल तर मात्र बाहेरची हवा आत मिसळते आणि आकडा खोटाच कमी दिसतो. कुणी ते भोक मुद्दाम तसंच ठेवत असेल, तर तो स्वतःच्याच गाडीचा आजार झाकतोय.

मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११५ व्या नियमात आहेत. भारत स्टेज (बीएस) म्हणजे नव्या गाड्यांच्या धुरासाठीचे टप्प्याटप्प्याने कडक होत गेलेले निकष. त्यातल्या स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना सीओ ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतो. बीएस-४ मोटारीला हेच आकडे ०.३ आणि २००. म्हणजे जुन्या गाडीला सीओत दहापट सवलत आहे, आणि तरी आमची नापास झाली! मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना तर ४.५ टक्के आणि ९००० पीपीएम. टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये नवं मिश्रणच जळालेल्या वायूला बाहेर ढकलतं आणि ढकलता ढकलता स्वतःही थोडं निसटतं. ती रचनाच तशी, म्हणून हा मोठा आकडा.

तर आमचा सीओ जास्त, हायड्रोकार्बन मर्यादेत. मिस्त्रींनी एअर फिल्टरचं झाकण काढलं. फिल्टर धुळीने भरला होता, पण खरा दोषी खाली होता. त्यांनी बॅटरीचा झोत कार्बुरेटरच्या तोंडात टाकला आणि मला वाकून बघायला लावलं. आत चोकची, म्हणजे थंड गाडी सुरू करताना हवा कमी करणारी, पितळी झडप अर्धी मिटलेली. डॅशबोर्डवरची कळ पूर्ण आत होती, पण केबल गंजून अडकल्याने झडप उघडतच नव्हती. कित्येक महिने गाडी कोंदटलेल्या श्वासाने चालत होती. प्लग काढला तर टोकावर समईच्या काजळीसारखा थर.

केबल बदलली, फिल्टर आणि प्लग नवे घातले. इंजिन ऑइलही बदललं. हे पुष्कळांना सुचत नाही. रिच गाडीत न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, गरम झालं की त्याची वाफ पुन्हा इंजिनात ओढली जाते आणि सीओ उगाच वाढतो. मिक्स्चरचा, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण कमी-जास्त करणारा, स्क्रू मात्र मिस्त्रींनी अगदी शेवटी, जेमतेम पाव फेरा फिरवला. फक्त पास होण्यासाठी तो आवळत गेलं, तर सीओ उतरतो, पण मिश्रण इतकं पातळ होतं की ते पेटायचंच चुकतं आणि हायड्रोकार्बन वर उसळतो.

परीक्षेला जाताना गाडी दहा किलोमीटर फिरवून नेली. थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफ होत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असलेल्या गाड्यांना तर हे जास्तच लागू, कारण तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही.

एक उणीव सांगायला हवी. आमच्यासारख्या गाडीची परीक्षा उभ्या गाडीवर, स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता होते. चढावर, भरल्या गाडीत तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत.

दुसऱ्यांदा नळी आत गेली. सीओ १.६, हायड्रोकार्बन ३१०. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र मिळालं. महिन्याने मिस्त्रींना प्लग पुन्हा काढायला लावला. टोक कोरडं होतं, दुधाच्या चहाच्या रंगाचं.