‘मंदक्रोध’ देव : बायबलमधल्या कोपाची पार्श्वभूमी

हिब्रू भाषेत रागासाठी सर्रास येणारा शब्द म्हणजे ‘अफ’. मूळ अर्थ नाक. राग चढला की नाकपुड्या फुलतात, श्वास तापतो. त्यावरून तो रूढ झाला. बायबलच्या निर्गम या पुस्तकात (३४:६) देव इस्राएलाचा नेता मोशे याला स्वतःची ओळख ‘एरेख अप्पायिम’ अशी देतो, शब्दशः ‘लांब नाकाचा’. श्वास तापायला वेळ लागतो, असा. मराठी बायबलने त्याला ‘मंदक्रोध’ हा नेमका शब्द दिला. पण पुढच्याच वचनात तो दोषीला मोकळं सोडत नाही. पुढची सारी चर्चा या दोन वचनांच्या ओढाताणीतूनच निघाली.

हा कोप कशावर पेटतो? निर्गम २२ मध्ये उत्तर सरळ आहे : विधवा आणि अनाथ यांना छळाल, तर तुमच्याच बायका विधवा होतील, मुलं पोरकी होतील. इ.स.पू. आठव्या शतकात दक्षिणेतल्या तकोवा गावचा मेंढपाळ, संदेष्टा आमोस, उत्तरेत इस्राएलच्या राज्यात गेला आणि त्याने बाजारातली लबाडीच मांडली. धान्य मोजायचा एफा लहान ठेवायचा आणि शेकेलाचं वजन जड. तेव्हा नाणी नव्हती, चांदी तोलून द्यावी लागे; म्हणजे गिऱ्हाईक धान्यातही नागवलं जाई आणि चांदीतही. वर गव्हात भुसा मिसळलेला. त्याने सुरुवात दिमिष्क, गज्जा, सोर अशा शेजाऱ्यांच्या गुन्ह्यांपासून केली. ऐकणारे माना डोलावत असतील, तोवर तो इस्राएलावर आला. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली.

‘मंदक्रोध’नंतरच्या त्याच वचनात देव बापांच्या पापाचा जाब ‘तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत’ घेतो. या शब्दांचा अर्थ लावताना हमखास घोळ होतो. तो न्यायालयांसाठी नियम नव्हता; बायबलमधलंच ‘अनुवाद’ हे पुस्तक (२४:१६) तर बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मृत्युदंड द्यायला मनाई करतं. तरी बाबेलच्या बंदिवासात लोक म्हणू लागले, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. संदेष्टा यहेज्केलने आपल्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात ही म्हणच मोडीत काढली : जो पाप करील तोच मरेल. आणि दुष्टाच्या मरणात देवाला आनंद नाही, हेही तिथेच.

ग्रीक विचारात वाढलेल्यांना रागावणारा देव पचेना. विकार तो देवाला कसला? दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती शिक्षक मार्सियन याने जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागाचा, न्यायी देव आणि येशूचा पिता हे दोन वेगळेच ठरवले, इ.स. १४४ मध्ये रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढलं. चौथ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती लेखक लॅक्टान्शियसने देवाच्या क्रोधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला : चांगल्यावर प्रेम करणाऱ्याला वाइटाची चीड येणारच. मार्सियनची वाटणी तशीही टिकत नाही, कारण कोपाबद्दल येशूचा प्रेषित पौलही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सविस्तर लिहितो. त्यातून तो काढतो ते मात्र व्यवहाराचं आहे : सूड तुम्ही घेऊ नका, कोपाला वाट द्या, फेड करणं देवाकडे आहे.