जॉइस्ट, कडी आणि तुळई

युरोप-अमेरिकेतल्या लाकडी घरांत पायाखालच्या फळ्या उचलल्या की खाली ओळीने टाकलेली आडवी लाकडं दिसतात, त्यांना जॉइस्ट म्हणतात. आपल्या वाड्यातल्या कडीपाटातली कडी ती हीच, म्हणजे तुळईवर किंवा भिंतीवर टेकलेल्या कड्या, त्यांच्यावर पाट आणि पाटांवर मातीचा थर.

जॉइस्ट शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे तो 'जिस्त' असा काहीसा होता आणि त्याचं मूळ लॅटिन 'याकेरे', म्हणजे पडून असणं. तर जॉइस्ट म्हणजे पडलेलं लाकूड! शेजारचं या अर्थाचा ॲडजेसंट आणि सारांश या अर्थाचा जिस्ट हे दोन्ही त्याच मुळाचे. आपली तुळई मात्र संस्कृत 'तुला'वरून आली, तराजूलाही तुला आणि घराच्या आडव्या लाकडालाही तुलाच, आणि तूळ रासही तिथलीच.

आता मला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट. नाव पडून असण्याचं असलं तरी जॉइस्ट सपाट पाडत नाहीत, अरुंद बाजूवर उभा ठेवतात. शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मधे बोटाने दाबा, लगेच वाकते, तीच धारेवर उभी धरून दाबा, जवळजवळ हलतच नाही. लाकडाचा ताठपणा रुंदीच्या पटीत वाढतो पण उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणून २ इंच बाय ८ इंचाची फळी उभी ठेवली की सपाट ठेवल्यापेक्षा १६ पट ताठ होते, लाकूड तेवढंच लागतं. उभी फळी जास्त वजन का पेलते हे गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात मांडलं होतं.

वजन आलं की लाकडाची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या पट्ट्यात ताण-दाब जवळपास नसतोच, लोखंडी गर्डर आय अक्षरासारखा असतो तो त्यामुळेच, माल वर-खाली ठेवायचा आणि मधे बारीक पत्रा. वायर न्यायला भोक पाडायचंच असेल तर लाकडाच्या उंचीच्या मधोमध पाडतात, खालच्या कडेला खाच मारली तर ताणलेला भागच कापला जातो.

जुन्या वाड्याची कडी तपासताना मात्र आधी भिंतीत घुसलेली टोकं बघा, ओल तिथे मुरते आणि वरून ठणठणीत दिसणारी कडी तिथेच आतून कुजलेली असते.