तडीपारी

एखाद्या माणसाने ठरावीक मुदतीसाठी आपल्या जिल्ह्याच्या, प्रसंगी लगतच्या जिल्ह्यांच्याही हद्दीबाहेर राहावे, असा प्रशासकीय आदेश म्हणजे तडीपारी. सरकारी कागदावर तिला 'हद्दपारी' म्हणतात. इथे ती मराठवाड्याच्या संदर्भात पाहिली आहे. हा आदेश न्यायालयाचा नसतो. तो पोलीस किंवा महसूल अधिकारी काढतात, आणि कायद्याच्या भाषेत ती शिक्षाही नसते. पुढचा गुन्हा टळावा म्हणून केलेली प्रतिबंधक कारवाई असते. ज्याला घरदार, शेत आणि हातातला धंदा सोडून दोन वर्षे बाहेर राहावे लागते, त्याला हा फरक फारसा जाणवत नाही.

*कायद्याचा आधार.* महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) यातील कलम ५५ ते ६३ मध्ये ही तरतूद आहे. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबईचा पोलीस कायदा इथे लागू झाला तो त्यानंतर. कलम ५५ टोळ्यांसाठी आहे, कलम ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी. रोजच्या वापरातले कलम ५६. त्यासाठी शिक्षा झालेली असण्याची गरज नसते. माणसाच्या वावरामुळे लोकांच्या जीविताला वा मालमत्तेला धोका आहे, किंवा तो शरीराविरुद्धचे वा मालमत्तेविरुद्धचे गंभीर गुन्हे करण्याच्या बेतात आहे आणि साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, एवढे अधिकाऱ्याला सकारण पटले की पुरते. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची.

दारूबंदी आणि जुगाराच्या गुन्ह्यांवरून पोलीस ठाण्यांची गफलत होते. हातभट्टीच्या आणि मटक्याच्या केसेस मोजून कलम ५६ चा प्रस्ताव फुगवला जातो. प्रत्यक्षात त्यांची जागा कलम ५७ मध्ये आहे, आणि तिथे नुसता गुन्हा दाखल असून भागत नाही, शिक्षा झालेली असावी लागते. प्रस्तावातली यादी लांब असली की आदेश भक्कम, हा समज उच्च न्यायालयात टिकत नाही.

*प्रस्ताव ते आदेश.* सुरुवात पोलीस ठाण्यात होते. गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की वरून प्रतिबंधक कारवायांचा आढावा मागितला जातो. मग 'चॅप्टर केस' करून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतात, आणि त्यानेही न जुमानणाऱ्यांची नावे तडीपारीच्या यादीत चढतात. प्रस्तावाला गुन्ह्यांचा तक्ता आणि गोपनीय जबाब जोडतात. हे जबाब 'साक्षीदार अ', 'साक्षीदार ब' असे असतात. नाव नाही, पत्ता नाही, बऱ्याचदा प्रसंगाची नेमकी तारीखही नाही. दोन्ही जबाबांतली वाक्ये एकमेकांशी जुळतात तेव्हा ते कुणाच्या तोंडचे, हा प्रश्न वकील हमखास काढतात.

मराठवाड्यात पोलीस आयुक्तालय एकट्या छत्रपती संभाजीनगर शहरात आहे, त्यामुळे तिथे हा अधिकार पोलीस उपायुक्त वापरतात. बाकी जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत कलम ५६ चा आदेश उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे लोकांच्या बोलीतले प्रांत, काढतात. सकाळी भूसंपादनाची सुनावणी घेणारा अधिकारीच दुपारी तडीपारीची घेतो. कलम ५९ प्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते. तीत आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप सांगणे पुरेसे असते. साक्षीदार उघड होईल एवढा तपशील द्यावा लागत नाही. उत्तर देण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची संधी मिळते. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. मराठवाड्यात ते विभागीय आयुक्तांपुढे चालते, आणि तिथे फेटाळले गेले की मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात याचिका.

*अंमलबजावणी.* आदेश बजावल्यावर ठरवून दिलेल्या वेळेत निघून जायचे. न गेल्यास पोलीस ताब्यात घेतात आणि गाडीत घालून हद्दीबाहेर सोडून येतात. कुठे राहणार तो पत्ता लिहून घेतात. राज्यातच राहणाऱ्याला जवळच्या ठाण्यात हजेरी लावण्याची अटही घालता येते. कोर्टाची तारीख, घरातला मृत्यू अशा कारणांसाठी तात्पुरती परवानगी मागता येते. विनापरवाना परतल्यास कलम १४२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. वर्तमानपत्रांत 'तडीपार आरोपी शहरात फिरताना मिळून आला' ही बातमी नेहमीची; 'मिळून आला' हे थेट फिर्यादीतून उचललेले असते.

कागदावर ही कारवाई कडक दिसते, पण तिचा सारा भार हद्दीच्या रेषेवर आहे, आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच हद्दी अलीकडच्या आहेत. जालना १९८१ मध्ये औरंगाबादमधून वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. बाजार, सोयरीक, दवाखाना या रेषा मानत नाहीत. जालन्याचा तडीपार शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्ह्यात असतो. तो कायदा तंतोतंत पाळतो, आणि नदीच्या पलीकडे बसून मोबाइलवर अलीकडचे सगळे धंदे चालवू शकतो. म्हणून कायद्याने लगतच्या जिल्ह्यांतूनही हद्दपार करण्याची मुभा दिली आहे. ती सरसकट वापरली की न्यायालय विचारते: गुन्हे सगळे एका ठाण्याच्या हद्दीतले, मग बंदी तीन-चार जिल्ह्यांत कशासाठी? याचे उत्तर आदेशातच लिहिलेले नसेल तर आदेश पडतो.

*न्यायालयांची भूमिका.* ही तरतूद घटनाबाह्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पन्नाशीच्या दशकातच सांगितले. तिच्या वापरावरचा अलीकडचा महत्त्वाचा निकाल मात्र मराठवाड्यातूनच गेला. जालना जिल्ह्यातील एका रहिवाशाला डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर घालवण्याचा आदेश निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी तो रद्द केला. तडीपारी हा असाधारण उपाय आहे. ती घटनेच्या अनुच्छेद १९ ने दिलेल्या मुक्त संचाराच्या हक्काला हात घालते, माणसाला स्वतःच्या घरात कुटुंबासह राहू देत नाही, त्याची रोजीरोटीही हिरावू शकते. म्हणून ती क्वचितच वापरावी, असे निकालात म्हटले आहे. २०१३ आणि २०१८ मधले जुने गुन्हे आजच्या कारवाईचा आधार होऊ शकत नाहीत, आणि पूर्ण दोन वर्षे का, याची कारणे द्यायला हवीत, हेही त्यात आले. विजय मिळाला तेव्हा दोन वर्षांतले वर्षभराहून अधिक उलटले होते.

*तडीपारी नव्हे असे काही.* जामिनाची अट म्हणून न्यायालय घालते ती जिल्हाबंदी वेगळी. सभा-मोर्चाच्या वेळी एखाद्या नेत्यावर जिल्हाधिकारी लावतात तो प्रवेशबंदीचा आदेश अल्पमुदतीचा आणि वेगळ्या कायद्याखालचा. एमपीडीएखाली, म्हणजे धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याच्या १९८१ च्या कायद्याने, डांबलेल्याला बाहेर नव्हे, आत पाठवतात. गोदाकाठच्या वाळूतस्करांवर हे हत्यार उपसले जाते, आणि हर्सूल कारागृहाचे नाव त्या बातम्यांत येते. पारध्यांची पाले गावाने उठवणे, एखाद्या कुटुंबाला ठराव करून बाहेर काढणे, याला तर कोणत्याच कायद्याचा आधार नाही. ग्रामसभेला तडीपारीचा अधिकार नाही, आणि वाळीत टाकणे हा राज्याच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. जन्माने गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ठाण्यातली संशयाची सवय तेवढ्या सहज गेली नाही.

*परदेशी नागरिकाची हद्दपारी.* इथे हद्द देशाची असते आणि अधिकार केंद्राचा. १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे तीन कायदे बाजूला सारून १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ लागू झाला. मुक्त संचाराचा आणि कुठेही राहण्याचा हक्क फक्त भारतीय नागरिकाला आहे. परक्याला मिळतो तो अनुच्छेद २१ चा जीविताचा हक्क; १९९६ मध्ये अरुणाचलमधील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आश्रय मागणाऱ्यासाठी वेगळा कायदा नाही.

मराठवाड्याला हा विषय दुरून दिसतो असे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येमेन आणि इतर अरब देशांतले विद्यार्थी वर्षानुवर्षे येत आले आहेत, आणि त्यांची नोंदणी पोलिसांकडेच होते. मायदेशात युद्ध पेटले असताना व्हिसा संपला तर विद्यार्थ्याला पाठवायचे कुठे, हा प्रश्न तडीपारीत कधीच उठत नाही. त्याआधीची आठवण निजामी राजवटीची: फौजेत आणि सावकारीत असलेले अरब, रोहिले, पठाण. सप्टेंबर १९४८ नंतर त्यांच्यापैकी अनेकांना परके ठरवून ताब्यात घेतले गेले आणि काहींची रवानगी झाली, पिढ्या इथेच गेलेल्या असूनही.

देशाबाहेर काढताना समोरच्या देशाने 'हा आमचा' म्हणावे लागते. ते टाळून आश्रय मागणाऱ्यांना तिसऱ्याच देशात पाठवण्याचा घाट ब्रिटनने २०२२ मध्ये रुआंडाशी करार करून घातला. पहिले विमान जून २०२२ मध्ये उडण्याआधीच अडले, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने योजना बेकायदा ठरवली, आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली. तडीपारीत बीडने जालन्याच्या माणसाला घ्यायचे की नाही, हे बीडला कुणी विचारत नाही. तिथल्या ठाण्याला कळवले जाते, एवढेच. मुदत संपली की माणूस परत येतो, आणि नवा गुन्हा दाखल झाला तर त्याच्यावर नवा प्रस्ताव करायला कायद्याची आडकाठी नाही.