जन्माआधी रसायन, जन्मानंतर वीज? ही वाटणीच चुकीची आहे

डोळ्यातले तंतू मेंदूत आपापल्या जागी कसे पोचतात, हे समजावताना एक वाक्य हमखास येतं: जन्माआधी रसायनं वाट दाखवतात, जन्मानंतर डोळा पाहू लागला की विद्युत संदेश जोडण्या पक्क्या करतात. वाक्य सुटसुटीत आहे, म्हणूनच ते पसरतं. पण ते खोटं आहे आणि पाठ्यपुस्तकी ढंगात पुन्हा पुन्हा छापलं जाऊ नये.

रसायनांची बाजू बहुतेकांना ठाऊक असते. १९४०च्या दशकात रॉजर स्पेरी यांनी बेडकाच्या डोळ्याची नस कापून डोळा उलटा बसवला. नस पुन्हा वाढली, पण तंतू आपल्या जुन्याच जागी गेले. माशी वर असली की बेडूक खाली झेप घ्यायचा, आणि कितीही चुकला तरी सुधारला नाही. पुढे १९९५मध्ये एफ्रिन ही प्रथिनं या कामात सापडली. डोळ्याचे तंतू मेंदूच्या ज्या भागात पोचतात, तिथे ती मागे जास्त, पुढे कमी असतात आणि डोळ्याच्या कानशिलाकडच्या बाजूने आलेल्या तंतूंना मागे जाण्यापासून अडवतात. प्रत्येक तंतूला वेगळा पत्ता नसतो, पुरतो तो हा चढ-उतार. एवढं पुरे.

खरा घोळ विजेच्या बाजूला आहे. विद्युत संदेश म्हणजे पाहणं, असं लोक धरून चालतात. पण दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, पेशी प्रकाश नसतानाही संदेश सोडतात, तेही पिल्लाचे डोळे उघडण्याच्या कितीतरी आधी. १९९१मध्ये मार्कस माइस्टर, रेचल वाँग, डेनिस बेलर आणि कार्ला शॅट्झ यांनी दाखवलं, की हे संदेश विस्कळीत नसतात. शेजारच्या पेशी एकत्र पेटतात आणि ती लाट दृष्टिपटलावर सरकत जाते. म्हणून मेंदूला कळतं, की कोण कोणाचा शेजारी. दोन डोळ्यांच्या लाटा मात्र जुळत नाहीत, त्यामुळे डाव्या-उजव्याचे तंतू वेगळे होऊ शकतात. हे गर्भातच घडतं: १९८८मध्ये शॅट्झ आणि मायकेल स्ट्रायकर यांनी मांजराच्या गर्भात टेट्रोडोटॉक्सिन या विषाने संदेश रोखले, तर दोन डोळ्यांच्या तंतूंचे थर वेगळे झालेच नाहीत. तिथे पाहण्याचा काय संबंध?

पाहण्याचा अनुभव नंतर येतो आणि तोही महत्त्वाचाच असतो. लहानपणी एक डोळा झाकलेला राहिला तर दृष्टी बिघडते, हे खरंच आहे. पण रसायन आणि लाटा यांच्यानंतरचा तो तिसरा टप्पा आहे, दुसरा नव्हे.

रसायन आणि लाटा यांची कामं वेगळी आहेत, याचा पुरावा उंदरांत मिळतो. एफ्रिन काढले की शेजारी तंतू एकत्रच राहतात, पण त्यांचा घोळका भलत्याच जागी उतरतो. लाटा बिघडवल्या की जागा ढोबळमानाने बरोबर असते, पण तंतूंच्या फांद्या पसरट राहतात. दोन्ही बिघडवलं, की डोळ्यातल्या जागांचा मेंदूत उमटणारा, नाकाकडून कानशिलाकडे जाणारा नकाशा जवळजवळ उरतच नाही.