गव्हर्नर आणि काँग्रेस: मतदान एकाच दिवशी, पदं मात्र वेगळी

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी लढले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीतच (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच) तिसरे आले. २०२२ मध्ये ते जिंकले, पण ती लढत काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची होती. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एक होऊन बसल्या आहेत.

गव्हर्नर हा राज्य सरकारचा प्रमुख. आपल्या राज्यपालांपेक्षा तो मुख्यमंत्र्यांच्या जवळचा: अर्थसंकल्प मांडतो, विधेयकावर सही करतो किंवा ते परत पाठवतो. पण मुख्यमंत्र्यांची खुर्ची आमदारांच्या बहुमतावर टिकते, गव्हर्नरला मात्र राज्यभरातले मतदार थेट निवडतात. त्यामुळे विधिमंडळ विरोधकांच्या हाती गेलं म्हणून त्याचं पद जात नाही. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नर म्हणून निवडून आलेल्या डेमोक्रॅट ग्रेचेन व्हिटमर यांनी पहिली चारही वर्षं विधिमंडळातल्या विरोधी रिपब्लिकन बहुमतासमोरच काढली. मिशिगनमध्ये अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) आणि सेक्रेटरी ऑफ स्टेटसुद्धा (इथे परराष्ट्रमंत्री नव्हे, तर निवडणुकांचं काम पाहणारा राज्याचा अधिकारी) राज्यभरातून निवडून येतात. गव्हर्नर त्यांना नेमत नाही.

काँग्रेसचा सदस्य वॉशिंग्टनला जातो आणि देशाचे कायदे करतो. राज्याच्या कारभारात त्याचा हुकूम चालत नाही. काँग्रेसची सभागृहं दोन: हाउस हे कनिष्ठ आणि सिनेट हे वरिष्ठ. हाउसच्या ४३५ जागा, मुदत दोन वर्षं, आणि प्रत्येक जागेचा स्वतंत्र मतदारसंघ. ठाणेदारांना २०१८ मध्ये अख्ख्या मिशिगनकडे मतं मागावी लागली होती. २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातला तेरावा मतदारसंघ पुरला.

खरा घोळ सिनेटमुळे होतो. सिनेटरही काँग्रेसचाच, पण तो सहा वर्षांसाठी आणि संपूर्ण राज्यातून निवडला जातो. २०१८ च्या नोव्हेंबरात मिशिगनच्या मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर व्हिटमर यांना गव्हर्नर केलं आणि डेबी स्टॅबेनाऊ यांना पुन्हा सिनेटवर पाठवलं. मतदार तेच, पण एकीचं काम मिशिगनची राजधानी लान्सिंगला आणि दुसरीचं वॉशिंग्टनला. अलास्का, डेलावेर, व्हर्माँट, वायोमिंग आणि दोन्ही डाकोटा या सहा राज्यांना तर हाउसची एकेकच जागा आहे, म्हणून तिथे तीही राज्यभरातूनच लढवली जाते.

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते सीमांकडे. राज्याची हद्द कुठल्याही पक्षाला सोयीने हलवता येत नाही, त्यामुळे गव्हर्नरची आणि सिनेटची लढत त्या खेळापासून सुरक्षित राहते. हाउसचे मतदारसंघ मात्र जनगणनेनंतर नव्याने आखले जातात. बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळ करतं आणि पुष्कळ ठिकाणी तो नकाशा गव्हर्नर फेटाळू शकतो. म्हणजे गव्हर्नर कोण होतो यावर पुढची दहा वर्षं काँग्रेसमध्ये कोण बसणार हेही काही अंशी ठरतं! मिशिगनच्या मतदारांनी २०१८ मध्येच कौल देऊन हे काम नेत्यांकडून काढून घेतलं आणि १३ नागरिकांच्या आयोगाकडे सोपवलं. ठाणेदारांचा सध्याचा मतदारसंघ त्याच आयोगाने आखलेला आहे.

जागा मध्येच रिकामी झाली तरी फरक दिसतो. सिनेटरच्या जागी बहुतेक राज्यांत गव्हर्नर तात्पुरता माणूस नेमू शकतो. हाउसची जागा मात्र अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार पोटनिवडणुकीनेच भरावी लागते. तिथे गव्हर्नरच्या हाती उरतं ते फक्त निवडणूक जाहीर करणं.